वर्षभराची घरची भाजी : इंदूरजवळच्या ४० बाय ५० फुटांच्या जागेचा बेत

मालवी_माती

नमस्कार मंडळी. मागचा पावसाळा सरल्यावर आम्ही सिमरोलच्या बाजूला राहायला आलो. घरात पाच माणसं : आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन मुलं. घरामागे ४० बाय ५० फुटांची मोकळी जागा आहे. माती काळी आणि खोल. उन्हाळ्यात पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती चप्पल सोडत नाही. पश्चिमेला जुना कडुनिंब आहे, दुपारी तीननंतर त्याची सावली साधारण पाव जागेवर येते. बोअर आहे, पण एप्रिल अर्धा सरला की पाणी निम्म्यावर येतं आणि मे महिन्यात जेमतेम घरापुरतं मिळतं.

गुढीपाडव्याला सगळ्यांनी मिळून वर्षाचा बेत ठरवला. तो इथे मांडते, म्हणजे ज्यांनी आपल्या भागात भाजी लावली आहे त्यांना त्यातलं काय जमेल आणि काय नाही ते सांगता येईल.

काय लावायचं हे ठरवण्याआधी आम्ही खातो काय ते पाहिलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब असतोच. दिवाळीपासून सासूबाई त्याच चौकोनात त्या दिवशी विकत आणलेली भाजीही लिहू लागल्या : 'दूध २, मेथी २ जुड्या, वांगी अर्धा'. ती सगळी पानं पुढ्यात घेऊन बसलो तेव्हा बरंच काही कळलं. कोथिंबीर आणि हिरवी मिरची रोज. टोमॅटो एक दिवसाआड. पालक, मेथी, शेपू आलटून पालटून. वांगी, फ्लॉवर, मटार आठवड्यातून एकदा तरी. ब्रोकोली, झुकिनी, लाल-पिवळी ढोबळी मिरची ही नावं त्या पानांवर कुठेच नाहीत, पण बियाण्यांच्या दुकानात गेलं की हात आधी त्याच पाकिटांकडे जातो. म्हणून मला वाटतं, बागेची यादी दुकानात करू नये, स्वयंपाकघरात करावी.

या वर्षी एवढं साधायचं आहे. जुलै ते मार्च पालेभाजी आणि कोथिंबीर विकत आणायची नाही. वर्षाची हळद आणि लसूण घरचा. पावसाळ्यात गिलकी, दोडका, भेंडी, गवार. थंडीत टोमॅटो, वांगी, मटार, मुळा. कायमची झाडं म्हणून शेवगा, कढीपत्ता, लिंबू, शिवाय एका कोपऱ्यात अळू. खत घरचंच. पाच भाज्यांचं बी पुढच्या वर्षासाठी धरायचं. मुलांना एकेक वाफा त्यांच्या मर्जीचा : धाकटीला भुईमूग लावायचा आहे, थोरल्याचं अजून ठरत नाही.

कांदे-बटाटे मुद्दाम घेतले नाहीत. पाच जणांना वर्षभर पुरेल एवढा कांदा काढायचा तर अर्धी जागा चार महिने त्यातच अडकेल, आणि तो चोइथराम मंडीत गोणीच्या भावाने मिळतो.

पाणी आणि माती, दोन्हीची चिंता आहे. सुरुवात कुठून करावी?

गच्चीवाली_सुदामानगर

कॅलेंडरची कल्पना फार आवडली! मी आजपासून सुरू करते.

एक सांगते. जुलै-ऑगस्टमध्ये पालक, मेथी आणि कोथिंबीर आपल्याकडे उघड्यावर टिकत नाही. काळ्या मातीत पाणी साचतं, मुळं कुजतात, वर पावसाचा मारा. त्या दोन महिन्यांत पालेभाजी म्हणजे लाल माठ, अंबाडी, मायाळू, चवळीची कोवळी पानं आणि अळू. मेथी-पालक सप्टेंबरच्या शेवटी सुरू करा. कोथिंबीर हवीच असेल तर पत्र्याखाली किंवा गच्चीच्या छपराखाली उथळ कुंड्यांत लावा. धने चपलेने हलके रगडून त्यांचे दोन भाग करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. मेथीची पट्टी सगळी एकदम पेरू नका. दर पंधरा दिवसांनी हातभर रुंदीची पेरली की महिन्याच्या आत पहिली खुडायला येते आणि मग ओळीने येत राहते.

खंडवारोडचे_काका

ताई, माती आणि पाणी हे दोन्ही प्रश्न आधी घेतलेत, हे चांगलं केलंत. पाण्याचा हिशेब आपण कागदावर करू.

४० बाय ५० म्हणजे २००० चौरस फूट, साधारण १८६ चौरस मीटर. वाटा, झाडं, खताची जागा सोडून वाफ्यांना १०० चौरस मीटर धरा. मे महिन्याच्या उन्हात आणि वाऱ्यात एका चौरस मीटर भाजीला दिवसाला ६ ते ८ लिटर पाणी लागतं. डिसेंबरात ३ ते ४ लिटरमध्ये भागतं. म्हणजे सगळी बाग मे महिन्यात हिरवी ठेवायची तर रोज ६०० ते ८०० लिटर. तुमचा बोअर ते देणार नाही, आणि त्याच्याकडून मागूही नये. 'पग पग रोटी, डग डग नीर' ही माळव्याची जुनी ओळख. आज इंदूर शहर जलूदहून सुमारे ७० किलोमीटर चढवून आणलेल्या नर्मदेच्या पाण्यावर जगतं. जमिनीतलं पाणी जपून वापरायला हवं.

म्हणून आपल्याकडे भाजीचं वर्ष जूनमध्ये सुरू करावं आणि मार्चअखेर आवरतं घ्यावं. एप्रिल-मे हा जमिनीच्या कामाचा काळ. त्या दोन महिन्यांत फक्त कायमची झाडं, मिरचीची दोन-चार रोपं आणि स्वयंपाकघराच्या सांडपाण्यावर जगेल तेवढा पुदिना ठेवा.

पावसाचं पाणीही मोजा. छताचं क्षेत्र १००० चौरस फूट असेल तर २५ मिलिमीटरच्या एका पावसात त्यावर सुमारे २३०० लिटर पडतं. गळती, उडून जाणं सगळं धरून अठराशे लिटर हाती लागतं. इंदूरला वर्षाला साधारण ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस होतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. टाकी जेवढी परवडेल तेवढी बांधा, आणि टाकी भरून वाहणारं पाणी खड्ड्यातून जमिनीत सोडा. पहिल्या एक-दोन पावसाचं पाणी मात्र टाकीत घेऊ नका, छतावरची धूळ वाहून जाऊ द्या.

ग्वाल्हेरची_आत्या

इंदूरकरांनो, तुमच्याकडे मे महिन्यात रात्री तरी गार होतात. आमच्या ग्वाल्हेरला पारा ४५ च्या वर जातो आणि लू रात्रीपर्यंत अंगावर येते. त्यामुळे कमी पाण्यात झाड जगवायचं कसं, ते आम्हाला शिकावंच लागतं.

मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा. न रंगवलेलं, पाझरणारं हवं. आठ-दहा लिटरचं एक मडकं आणि त्याच्याभोवती चार वेल. तोंडावर खापरी ठेवा, म्हणजे डास होत नाहीत आणि पाणी उडून जात नाही. माती जेवढी कोरडी होईल तेवढंच पाणी मडकं सोडतं. दोन-तीन दिवसांनी भरलं की झालं. फेब्रुवारीत लावलेली काकडी आणि दुधी अशा मडक्यांवर एप्रिलपर्यंत छान चालते.

दुसरं आच्छादन. गव्हाचा भुसा, वाळलेला पाला, उसाची चिपाडं, काहीही, पण जमीन उघडी दिसता कामा नये. काळ्या मातीला भेगा पडल्या की त्या भेगांतून खालची ओलही जाते. चार बोटं जाड थर घाला.

थंडीत मात्र आमची कसोटी तुमच्याहून मोठी. पाला, म्हणजे पिकं करपवणारं गोठलेलं दंव, पडायची रात्र ओळखायला शिका : आकाश निरभ्र, वारा बंद, दिवस मावळताच झोंबणारी थंडी. अशा संध्याकाळी वाफ्यांना हलकं पाणी द्या, टोमॅटो-वांग्यांवर जुन्या साड्या टाका. ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री सोडते.

मालवी_माती

काका, आत्या, मनापासून आभार. काकांचा हिशेब मी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावला. आमचे हे वर्षभर बाग चालवायच्या मताचे होते. तो ६०० लिटरचा आकडा वाचून त्यांनीच 'जूनपासून' म्हटलं.

कोथिंबिरीचं गच्चीवालीताईंचं म्हणणं पटलं. बेतात दुरुस्ती केली : पावसाळ्यात माठ, अंबाडी, मायाळू, अळू, मेथी-पालक नवरात्राच्या सुमारास.

आता वाफ्यांचं. उत्तर-दक्षिण लांबीचे, चार फूट रुंदीचे गादीवाफे आखले आहेत, म्हणजे दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. उंची एक वीत. वेलांचे मांडव उत्तरेच्या कुंपणाला, म्हणजे त्यांची सावली बाकीच्यांवर येणार नाही. कडुनिंबाच्या सावलीत हळद, आलं, अळू. बुंध्यापासून दूर, जिथे दुपारपर्यंत ऊन येतं तिथे. हळदीचं बेणं किती लागेल, कुणी सांगेल का? आमच्या घरात वर्षाला दीड किलोच्या आसपास हळद पूड लागते.

खंडवारोडचे_काका

ओली हळद उकडून वाळवली की साधारण पाचवा हिस्सा उरते. दीड किलो पुडीसाठी सात-आठ किलो ओली हळद हवी. दोन किलो चांगलं, डोळे फुटलेलं बेणं घ्या. मेच्या शेवटी किंवा पहिल्या पावसावर लावा, दोन गड्ड्यांत वीतभर अंतर ठेवा. पानं पिवळी पडून आडवी झाली की जानेवारी-फेब्रुवारीत काढा. उकडताना काडी टोचून पाहा, सहज आत गेली की उतरवा. मग उन्हात पंधरा दिवस, मोडल्यावर टण्‌ आवाज येईपर्यंत.

लसणाला १० चौरस मीटर पुरेत. अर्धा किलो निवडक, मोठ्या पाकळ्यांचं बियाणं ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावा, आठ-दहा किलो सहज निघेल. फेब्रुवारी सरताना पाणी तोडा. पातीसकट वेण्या घालून वाऱ्याला टांगा.

बडोदेकर_माळी

बडोद्याहून लिहितोय. थोडा विरोध करतो, राग नसावा. मे महिन्यात बाग पूर्ण बंद ठेवायचं मला पटत नाही. तांबडा भोपळा, गवार, चवळी ही पिकं उन्हाला घाबरत नाहीत. शंभर चौरस मीटर नको, दहा करा. घरातलं अंघोळीचं पाणी त्यांना पुरतं, फक्त साबण सौम्य हवा आणि ते पाणी पालेभाजीला किंवा मुळा-गाजराला नको. मुलांनाही सुट्टी असते, तेव्हाच बागेत काही नसेल तर त्यांना गोडी कशी लागणार?

गादीवाफ्यांचं मात्र शंभर टक्के बरोबर. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा आमच्या भागात सपाट वाफ्यांतलं सगळं कुजलं आणि उंच वाफ्यांतली मिरची-वांगी उभी राहिली. वीतभर उंची थोडी वाटते, दीड वीत करा. काळी माती पावसात फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. मधल्या वाटा जागेच्या उताराकडे काढा, पाणी वाटेने गेलं पाहिजे, वाफ्यातून नाही.

आणि गाजर-मुळ्याच्या वाफ्यात वाळू आणि खत भरपूर मिसळा, नाहीतर चिकण काळ्या मातीत गाजराला दोन-दोन पाय फुटतात.

खंडवारोडचे_काका

दहा चौरस मीटरची गोष्ट मान्य. मी संपूर्ण जागेबद्दल बोलत होतो. रिकाम्या राहणाऱ्या वाफ्यांना मे महिन्यात काम द्या : चांगलं पाणी पाजून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून, कडा मातीत दाबून चार ते सहा आठवडे ठेवा. आपल्याकडच्या उन्हात वरच्या थरातलं तणाचं बी आणि रोगाची बरीच बुरशी मरते. एकदाच भरपूर पाणी लागतं. पाऊस सुरू व्हायच्या आधी प्लॅस्टिक काढून घ्या, फाटू देऊ नका, पुढच्या वर्षी कामाला येतं.

आता खत. या विषयावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण इंदूरच्या माणसाला हे ठाऊक असायलाच हवं. १९२४ साली इथे 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' सुरू झाली, आज जिथे शेतकी कॉलेज आहे त्या आवारात. अल्बर्ट हॉवर्ड १९३१ पर्यंत तिचे संचालक होते. आपल्या शेतकऱ्यांकडे असलेला काडीकचरा, शेण आणि राख यांतूनच उत्तम खत कसं करायचं, ते त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी इथल्याच मातीवर बसवलं आणि १९३१ साली पुस्तकरूपाने जगापुढे ठेवलं. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. १९३५ साली गांधीजी हिंदी साहित्य संमेलनाला इंदूरला आले होते, तेव्हा ते हे काम पाहायला गेले होते. मला त्या आवाराजवळून जाताना आजही अभिमान वाटतो.

करायचं असं. चार फूट लांब, चार रुंद जागा घ्या. तळाला जाड काटक्या, म्हणजे खालून हवा खेळते. त्यावर वीतभर काडीकचरा : गव्हाचा भुसा, वाळका पाला, भाजीचे देठ, गवत, सगळं मिसळून. वर दोन-तीन बोटं शेण, त्यावर गोठ्यातली गोमूत्राने भिजलेली माती आणि मूठभर चुलीतली राख. पाणी शिंपडा. असे थर चार फुटांपर्यंत चढवा, मग पहारीने वरून दोन-तीन भोकं पाडा. काडीकचरा आणि शेण यांचं प्रमाण साधारण तिनास एक.

दोन-तीन दिवसांनी ढिगात लोखंडी सळई खुपसा, पाच मिनिटांनी ओढून हात लावा. चटका बसायला हवा. सळई गार असेल तर पाणी कमी पडलंय किंवा शेण. ओल पाहायची रीत : आतला मूठभर माल घट्ट आवळायचा, तळहात ओला व्हावा पण थेंब गळू नये. पंधरा-वीस दिवसांनी पहिली पालटी, बाहेरचं आत आणि आतलं बाहेर. पाचव्या आठवड्यात दुसरी, नवव्यात तिसरी. तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाचं खत तयार. उन्हाळ्यात हे दोन फूट खोल खड्ड्यात करा, म्हणजे ओल टिकते. पावसाळ्यात जमिनीच्या वर, नाहीतर पाण्याने कुजून दुर्गंधी सुटते.

या आठवड्यात रचलंत तर आषाढात वाफ्यांना घालता येईल. गव्हाची कापणी झाली आहे, भुसा आत्ताच स्वस्त मिळतो. ऑक्टोबरात सोयाबीनचा भुसा मिळेल, तेव्हा दुसरा ढीग लावा. भुसा घेताना त्या शेतात तणनाशक मारलं होतं का, एवढं जरूर विचारा.

गच्चीवाली_सुदामानगर

काका, हे वाचून अंगावर काटा आला. मी इंदूरची, पण हे मला माहीत नव्हतं.

एक शंका. आम्ही ओला-सुका वेगळा करून ओला कचरा महापालिकेच्या गाडीत देतो. देवगुराडियाच्या प्रकल्पात त्याचा गॅस आणि खत होतं, मग तो वाया जातच नाही. घरी ठेवण्यात फायदा काय?

मालवी_माती

ताई, शहरात गच्चीवर जागा नसेल तर गाडीत देणं उत्तमच. २०२२ साली तो दिवसाला ५५० टनांचा प्रकल्प सुरू झाला तेव्हा मी शहरात होते, आपल्या गल्लीचा कचरा तिथे कामी येतो याचं समाधान वाटायचं. पण इथे मला माती सुधारायची आहे. मातीतून रोज भाजी काढायची आणि तिला परत काही द्यायचं नाही, हे मनाला पटत नाही. सालं, देठ, चहाचा चोथा सगळं ढिगात जाईल. शिजवलेलं आणि तेलकट तेवढं गाडीत.

आज भुश्याची सोय झाली. शेण जवळच्या गोठ्यातून ठरवलं, राख सासूबाईंच्या बंबाची आहेच.

नवी_पालवी

मी पहिल्यांदाच लावणार आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध आहे. बी धरायचं म्हणता, ते कुठल्याही भाजीचं धरता येतं का? मागच्या वर्षी एका रोपवाटिकेतून टोमॅटोची रोपं आणली होती. टोमॅटो सुंदर आले, पण त्याचं बी लावलं तर भलतंच काहीतरी निघालं.

ग्वाल्हेरची_आत्या

ती रोपं संकरित असणार. संकरित वाणाचं बी पुढच्या पिढीत आईबापांसारखं निघत नाही, त्यात तुमचं काही चुकलं नाही. बी धरायचं तर सरळ वाण घ्या, म्हणजे ज्याचं बी लावलं की पुन्हा तसंच पीक येतं असा. टोमॅटो, भेंडी, गवार, चवळी, मेथी, माठ, गिलकी यांपासून सुरुवात करा. भेंडीत 'परभणी क्रांती' सरळ वाण आहे आणि पानं पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला फारशी दाद देत नाही.

टोमॅटोचं बी गरासकट वाटीत दोन दिवस आंबू द्या, वर बुरशीची साय आली की धुवा, तळाला बसतं ते चांगलं बी. वांगं झाडावर पिवळं पडेपर्यंत ठेवा. गिलकीचं फळ वेलावरच वाळू द्या, हलवलं की बिया खुळखुळतात (आतली जाळी भांडी घासायला उत्तम). कडधान्याचं बी चाळलेल्या राखेत. गिलकी आणि दोडका एकाच मांडवावर असतील तर बी धरायच्या फळांची फुलं उमलायच्या आदल्या वेळी मलमलच्या पिशवीत बांधा आणि परागीकरण हाताने करा, नाहीतर मिसळ होते.

बडोदेकर_माळी

हाताने करायचं तर वेळ सांभाळा. दुधीचं पांढरं फूल आणि दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. गिलकी, काकडी, भोपळा, कारलं सकाळी. नराच्या फुलाला नुसता देठ असतो, मादीच्या मागे बोटाएवढं छोटं फळ आधीपासूनच दिसतं. नर फूल तोडून पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला पिवळा भाग मादीच्या मधोमध हलकेच टेकवायचा. तीन-चार दिवसांत तो छोटा दुधी देठाकडून खाली वळला आणि गुळगुळीत चकाकू लागला की धरला समजा. पिवळा पडला तर गळणार.

मुलांना हे काम द्या. भुईमुगापेक्षा याच्यात जास्त रमतील.

हिशेबी

सगळं वाचतोय. एक सरळ प्रश्न : टाकी, जाळी, मडकी, भुसा, शेण धरून हे परवडतं का? डिसेंबरात मेथीची जुडी मंडीत मातीमोल असते.

मालवी_माती

पहिल्या वर्षी पैशांत परवडणार नाही, हे आम्ही घरात आधीच बोलून घेतलं. टाकी आणि कुंपण दहा वर्षांसाठी आहे. पण मेथी मातीमोल असते ती डिसेंबरात. सप्टेंबरात तिचा भाव तुम्हालाही ठाऊक आहे. शिवाय ती जुडी कुठल्या पाण्यावर वाढली आणि कालपरवा तिच्यावर काय फवारलं, ते मला कुणी सांगत नाही. इथे मावा आला तर निंबोळ्या कुटून अर्क मारीन. आमच्याच कडुनिंबाच्या निंबोळ्या, लिटरला ५० ग्रॅम, रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून, दिवस मावळताना. मुलांनी झाडावरचा टोमॅटो तोडून तिथेच खाल्ला तर मला त्यांना अडवावं लागू नये, एवढी माझी इच्छा आहे. त्यासाठी पैसे मोजायची माझी तयारी आहे.

हिशेबी

हे पटलं. मग एक सुचवू? कॅलेंडरवर आणलेली भाजी लिहिता, तशी काढलेलीही तोलून लिहा. वर्षअखेरीस कुठला वाफा नुसती जागा अडवतो ते दिसेल.

मालवी_माती

नक्की लिहीन. सासूबाईंना सांगितलं, त्यांनी लगेच माळ्यावरचा जुना तराजू काढून घासायला घेतला.

नवी_पालवी

गाय, कोंबड्या, मधमाश्या यांचा विचार नाही का? पूर्ण घरधंदाच होईल.

मालवी_माती

गाय नाही. तिला रोज वेळ देणारं माणूस घरात हवं आणि चारा विकत आणावा लागेल. सातेरी मधमाश्यांची पेटी पुढच्या वर्षी, आधी त्यांना वर्षभर फुलं मिळतील अशी झाडं उभी राहू देत. या वर्षी तुळस, झेंडू आणि शेवगा. झेंडू टोमॅटोच्या ओळींत लावीन, माश्याही येतात आणि दसऱ्याला तोरणही घरचं.

खंडवारोडचे_काका

शेवगा वाढू देऊ नका वाटेल तसा. रोप तीन फुटांचं झालं की शेंडा खुडा, फांद्या फुटतात आणि शेंगा हाताशी येतात. 'पीकेएम १' वाण लावलात तर सहा-आठ महिन्यांत शेंगा सुरू.

आणि सिमरोलच्या बाजूला जंगल जवळ आहे. रोजडे, म्हणजे नीलगायी, येतात का?

मालवी_माती

येतात काका. मागच्या शेतातला हरभरा एका रात्रीत साफ केला. आमच्या जागेला अजून नुसते दगडी खांब आहेत.

खंडवारोडचे_काका

मग बाकी सगळं मागे ठेवा आणि जाळीचं काम आधी करा. मी टाकी म्हटलं होतं, ती सप्टेंबरपर्यंत थांबली तरी चालेल. नीलगाय चार फूट सहज ओलांडते, सहा फुटांची जाळी घ्या. खाली वीतभर जाळी जमिनीत पुरा, म्हणजे रानडुक्कर उकरून आत येत नाही. जाळीच्या आतून पावसाळ्यात करवंदाची रोपं दोन-दोन फुटांवर लावा. तीन-चार वर्षांत काटेरी कुंपण उभं राहतं, आणि लोणच्याला करवंदंही.

गच्चीवाली_सुदामानगर

सगळे इंदूरकर असून अजून कुणी गराडूचं, आपल्या थंडीतल्या तळून खायच्या कंदाचं, नाव काढलं नाही!

मालवी_माती

ताई, सराफ्याच्या खाऊगल्लीत जिरावन मसाला आणि लिंबू मारून गरम गराडू खाल्ल्याशिवाय आमच्या घरात थंडी सुरूच होत नाही. पण घरी लावता येतो?

गच्चीवाली_सुदामानगर

येतो की. मी पोत्यात लावते. बडोद्याकडे उंधियोत घालतात तो जांभळा कंद याच जातीतला. दीड-दोनशे ग्रॅमचा सालीसकट तुकडा करायचा, कापलेल्या बाजूला राख चोळायची, एक दिवस सावलीत सुकू द्यायचा. मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला खतमाती भरलेल्या पोत्यात चार बोटं खोल पुरायचा आणि वेल चढायला उंच काठी द्यायची. वेल कुंपणावरही झकास चढतो, तुमच्या नव्या जाळीला शोभेल. पानं वाळली की डिसेंबर-जानेवारीत पोतं फाडायचं, खणायची कटकट नाही. सोलताना हाताला तेल लावा, खाज सुटते. आणि कच्चा खाऊ नये, वाफवून मग तळायचा.

माझ्याकडे बेण्याचे गड्डे राखून ठेवले आहेत. चार-पाच तुकडे तुम्हाला सहज देईन.

मालवी_माती

थोरल्याने हे वाचलं आणि आपल्या वाफ्यात गराडूच लावायचा म्हणतो. ताई, मेच्या शेवटच्या रविवारी मी अन्नपूर्णेला येणार आहे, तेव्हा सुदामा नगरला येऊन घेऊन जाईन. तुमच्यासाठी आळवाचे कंद आणते, काळ्या देठाचा आहे, वडीचा. उद्या जाळीवाला माप घ्यायला येतोय. काका, सहा फुटांची जाळी आणि खाली वीतभर पुरलेली, हे त्याला तुमच्याच शब्दांत वाचून दाखवते.